वॅगनला सोळा इंची रिम आणि ऑल-टेरेन टायर बसवताना

दोन वर्षांत माझ्या स्टेशन वॅगनचे तीन टायर गेले. एकालाही खिळा लागला नव्हता. दोघांची बाजू दगडाने चिरली आणि तिसऱ्याला खड्ड्याच्या कडेवर आपटून फुगा आला. तिसऱ्या वेळी रात्र होती, मागच्या सीटवर दोन मुलं आणि सासूबाई होत्या, आणि डांबरी रस्ता साठ किलोमीटर लांब होता. डिकीतून निघाली ती कामचलाऊ बारीक स्टेपनी, तिच्यावर छापलेलं ‘कमाल ८० किमी’. खडीवर मी ती तिशीच्या वर नेलीच नाही. घरी पोचल्यावर पहिल्यांदा वही काढली.

वहीत पहिला आकडा लिहिला तो जुन्या टायरचा: २२५/५५ आर १८. म्हणजे टायरची रुंदी २२५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के आणि रिम १८ इंची. भिंत निघाली जेमतेम १२४ मिमी. दगडाची धार आणि रिमची कड यांच्यामध्ये तेवढंच रबर आणि तेवढीच हवा. खड्ड्यात चाक आदळलं की भिंत या दोघांत चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. फुगा येतो तो त्यामुळे. तेव्हा मला हवी होती उंच भिंत. चाकाचा एकूण व्यास मात्र होता तेवढाच ठेवायचा होता, म्हणजे रिम लहान करणं आलंच.

हिशेब सोपा आहे. रुंदीला टक्क्यांनी गुणा, दुप्पट करा, त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा. जुनं चाक ७०४.७ मिमी. २१५/७० आर १६ चं येतं ७०७.४ मिमी, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, आणि भिंत १५०.५ मिमी. जवळजवळ २७ मिमी जास्तीची हवा, आणि स्पीडोमीटर, गिअर, ब्रेकची एबीएस यंत्रणा यांना कळणारही नाही. व्यासातला फरक दोन-अडीच टक्क्यांच्या आत ठेवावा असं माझं मत. मोठा टायर घातला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो, आणि चाकाच्या कमानीत जागा पुरत नाही ती वेगळीच.

गाडी उंच होईल म्हणून कोणी हे करत असेल तर आधीच सांगते, होणार नाही. व्यास २.७ मिमीने वाढला, त्याच्या निम्माच फरक जमिनीपासूनच्या उंचीत पडतो. उंचीसाठी सस्पेन्शनचं काम करावं लागतं. हा सगळा उद्योग भिंतीसाठी आहे.

रिम घेण्याआधी

दाराच्या चौकटीवरचा स्टिकर आणि गाडीची पुस्तिका बघा. तुमच्याच मॉडेलच्या साध्या आवृत्तीला कंपनी सोळा किंवा सतरा इंची चाकं देत असेल तर निम्मं काम झालं. पण खात्री करा की दोन्ही आवृत्त्यांचे ब्रेक सारखेच आहेत. वरच्या आवृत्तीत पुढच्या डिस्क मोठ्या असतील तर लहान रिम कॅलिपरवर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या ब्रेकच्या भागावर, बसणारच नाही. ब्रेक लहान करून रिम बसवायचा विचार मनातही आणू नका; अशा गाडीला सतरावर थांबावं.

मग पाच गोष्टी जुळवायच्या. नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी: माझ्या गाडीत ५ गुणिले ११४.३. ५ गुणिले ११२ ची रिम डोळ्यांना सारखीच दिसते, जोर लावला तर नटही फिरतात, पण ते तिरके बसतात आणि स्टडवर, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या आट्यांच्या दांड्यावर, सतत ताण येतो. दुसरं, मधलं भोक. माझा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, ६०.१ मिमी आणि रिमचं भोक ७३.१, म्हणून मध्ये त्या मापाची कडी घातली. कडी नसेल तर चाक फक्त नटांच्या आधारावर मध्यावर येतं, आणि थोडंसं जरी सरकलं तरी वेगात स्टिअरिंग थरथरतं. तिसरं, नटाची बैठक. कोणाची शंकूसारखी, कोणाची गोलसर, कोणाची सपाट वॉशरची. गोलसर बैठकीच्या रिमला शंकूचा नट लावला तर तो कडेच्या एका रेघेवर टेकतो आणि पुढे सैल होतो. रिम बदलली तर नटही त्या रिमचेच घ्या. चौथं, रिमची भार पेलण्याची क्षमता. आतल्या बाजूला किलोमध्ये कोरलेली असते.

पाचवा ऑफसेट, आणि इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. माझी जुनी रिम ७ इंच रुंद, ऑफसेट ४८, नवी ६.५ इंच, ऑफसेट ४५. नुसते ऑफसेट बघून वाटतं की चाक ३ मिमी बाहेर येईल. पण रुंदीही कमी झाली आहे. रुंदीचं निम्मं करून त्यातून ऑफसेट वजा केला की बाहेरची कड मिळते: जुनी ४०.९, नवी ३७.५, म्हणजे कड उलट ३ मिमी आत गेली. निम्म्यात ऑफसेट मिळवला की आतली कड: १३६.९ वरून १२७.५, म्हणजे शॉकअॅब्सॉर्बरच्या बाजूला ९ मिमी मोकळे झाले. कागदावर या दोन ओळी मांडल्याशिवाय रिम घेऊ नका.

कॅलिपरचं मात्र कागदावर कळत नाही, तिथे चाक चढवूनच बघावं लागतं. मी आधी ओळखीच्यांकडून एक सोळा इंची रिम मागून आणली. पुढे चढवली, हाताने फिरवली, आणि आऱ्याची आतली बाजू कॅलिपरला घासली. मी जवळजवळ सतरावर यायचं ठरवलं होतं. पण दुसऱ्या नक्षीची सोळाचीच रिम मिळाली, तिचे आरे हबपासून बाहेर बाक घेऊन निघत होते, आणि ती सहज बसली. व्यास तोच, रुंदी तीच. फरक फक्त आऱ्याच्या बाकाचा.

बसली म्हणजे किती जागा राहिली? त्यासाठी मुलांची खेळायची रंगीत माती घ्या. कॅलिपरवर जिथे आरा सगळ्यात जवळ येतो तिथे आणि वरच्या अंगाला, रिमच्या नळीसमोर, म्हणजे टायर जिच्याभोवती बसतो त्या गोल भागासमोर, मातीचे जाडसर गोळे चिकटवा. चाक चढवा, नट हाताने घट्ट करा, एक पूर्ण फेरा द्या, चाक उतरवा. दाबलेली माती सुरीने कापून जाडी मोजा. आऱ्यापाशी ३ मिमी तरी हवी, नळीपाशी ५. माझी ४ आणि ६ आली.

या ६ मिमीने मला एक धडा दिला. बॅलन्सिंग करून आणलेलं चाक चढवलं तर दर फेऱ्याला टिक असा आवाज. रिमच्या आत चिकटवलेली वजनाची पट्टीच कॅलिपरला लागत होती. माती लावून मोजलं तेव्हा ती तिथे नव्हतीच. पट्टी काढून रिमच्या आतल्या कडेजवळ, कॅलिपरच्या रेषेबाहेर लावून घेतली. बॅलन्सिंगला देतानाच ही जागा खडूने आखून द्या.

टायर

ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे, म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांत दोन जाती आहेत. एक प्रवासी गाड्यांसाठीची, दुसरी हलक्या ट्रकसाठीची, जिच्या मापाआधी ‘एलटी’ लिहिलेलं असतं. दुसरीची भिंत भक्कम, पण टायर जड आणि तेवढाच भार पेलायला जास्त हवा मागणारा. कुटुंबाच्या वॅगनला ती नको. पाठीला हिसके बसतात, ब्रेक आणि बेअरिंगवर नको तो भार येतो. पहिल्या जातीतही भार निर्देशांक जुन्यापेक्षा कमी चालणार नाही. माझा जुना ९८, म्हणजे चाकामागे ७५० किलो. नवा १००, म्हणजे ८००. वेगाचं अक्षर व्ही वरून टी वर आलं, २४० वरून १९० किमी. मी त्याच्या जवळपासही जात नाही, पण काही ठिकाणी मूळ अक्षरापेक्षा खालचं चालत नाही. रिम-टायरच्या बदलाची नोंद लागते का, विम्याला कळवावं लागतं का, हे खरेदीआधी विचारून घ्या.

भिंतीवरचा चार आकडी शिक्काही वाचा: २४२३ म्हणजे २०२३ च्या २४ व्या आठवड्यात बनलेला. बर्फात जाणाऱ्यांनी डोंगराची तीन शिखरं आणि त्यात हिमकण, हे चिन्ह बघावं. नुसतं ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) पुरेसं नाही.

आणि पाच घ्या, चार नव्हे. ती साठ किलोमीटरची रात्र माझ्या डोक्यातून गेलेली नाही. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत पाचवं चाक त्याच घेराचं असणं आणखीच गरजेचं, नाहीतर डिफरन्शियल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, सतत घासत राहतं. माझ्या डिकीच्या खळग्यात पूर्ण मापाचं चाक मावलं, पण वर ६ सेंमी आलं. वरची फळी उचलून कडेने फोमच्या पट्ट्या लावल्या.

चढवताना

जमीन सपाट, हँडब्रेक ओढलेला, कर्णातल्या चाकाला पुढे-मागे लाकडी ठोकळे. नट पाव फेरा सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. गाडी उचलली की जॅक स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीच्या कमानीत हात घालायचा नाही.

हबचा चेहरा तारेच्या ब्रशने लख्ख करा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर चाक वाकडं बसतं, आणि पुढे तो चुरून गेला की नट सैल पडतात. स्टडच्या आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. पुस्तिकेतला टॉर्क, म्हणजे नट आवळायचा जोर, बहुतेक कोरड्या आट्यांसाठी असतो, तेल लागलं की त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. प्रत्येक नट हाताने सुरू करा आणि फेरे मोजा. १२ मिमीच्या स्टडवर १.५ मिमीचे आटे असतील तर किमान आठ पूर्ण फेरे पडायला हवेत.

घट्ट करायचे ते एकाआड एक, चांदणी काढल्यासारखे. आधी निम्म्या जोराने, मग चाक जमिनीला जेमतेम टेकवून टॉर्क रेंचने पूर्ण. माझ्या पुस्तिकेत १०३ न्यूटन-मीटर आहे, तुमच्या पुस्तिकेत असेल तो धरा. पान्यावर उभं राहून घट्ट करू नका. ८० किलोमीटरनंतर थंड चाकावर पुन्हा रेंच लावा; माझे वीसपैकी दोन नट किंचित फिरले.

मग घासतं का ते बघायचं. रिकाम्या गाडीत नाही. मी घरच्या सगळ्यांना बसवलं, डिकीत पाण्याचे भरलेले कॅन ठेवले आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून पुढे-मागे नेलं. ऑल-टेरेनच्या खांद्याचे ठोकळे चौकोनी असतात, त्यामुळे त्याच मापाच्या रस्त्याच्या टायरपेक्षा ते आधी लागतात. माझा डावा टायर रिव्हर्समध्ये चिखलरोधक पडद्याला लागला. पडद्याचा स्क्रू एक भोक मागे घेतल्यावर थांबला.

प्रत्येक चाकात हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर तो नव्या रिममध्ये बसवून गाडीला ओळखून द्यावा लागतो.

हवा, आणि नंतरचे दिवस

भार निर्देशांक वाढलेला असल्यामुळे स्टिकरवरच्या दाबापासून सुरुवात करता येते. मग खडूची परीक्षा: नक्षीवर आडवी जाड रेघ ओढा, सरळ रस्त्यावर दोनशे मीटर जा. रेघ मध्येच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. मी पुढे ३४ आणि मागे ३३ पीएसआयवर थांबले. सामान भरलं की मागे ३६.

खडीवर २४ करते. टायर दगडाभोवती मऊ होऊन बसतो, चिरण्याचा धोका घटतो आणि मागे बसलेल्यांची हाडं खिळखिळी होत नाहीत. पण त्या हवेत चाळिशीच्या वर नाही, वळणावर झटका नाही, आणि डांबर लागण्याआधी पुन्हा भरायची. लहान कॉम्प्रेसरला चार चाकांना वीसेक मिनिटं लागतात. कॉम्प्रेसर जवळ नसेल तर हवा काढूच नका.

पहिले काही शे किलोमीटर हळू चालवा, नव्या रबरावर साच्याचा बुळबुळीतपणा असतो. ओल्या डांबरावर जुन्या टायरपेक्षा ब्रेकला जास्त अंतर लागतं, हे कायमचं आहे. मी पुढच्या गाडीपासून आता दीडपट अंतर ठेवते. स्टिअरिंगचा प्रतिसाद थोडा सुस्तावला. ऐंशीला एक घुमता आवाज येतो. रिम ३ किलोने हलकी निघाली, टायर अडीच किलोने जड, तेव्हा वजनात फारसं काही बदललं नाही. तरी नक्षीच्या घर्षणामुळे माझ्या नोंदीत लिटरमागचे किलोमीटर १४.८ वरून १४.१ झाले. सासूबाईंना आवाज लगेच जाणवला, पण खड्डे जाणवत नाहीत असंही त्याच म्हणाल्या.

दर ८,००० किमीला चाकांची जागा बदलते, स्टेपनी धरून पाचही. ठोकळे एका दिशेने झिजू दिले की घुमणं वाढत जातं. गेल्या महिन्यात त्याच खडीच्या रस्त्यावरून आलो. घरी चारही टायरच्या भिंतींवरून आतून-बाहेरून हात फिरवला. उजव्या मागच्या टायरवर दगडाचा बोटभर ओरखडा आहे, धागा दिसत नाही. चौघांची नक्षी ८ मिमी राहिली आहे, स्टेपनीची अजून १०. या वेळी ती उजवीकडे पुढे येईल, आणि ओरखडा असलेला टायर डिकीत जाईल.