भिरंडां, आगळ आणि फुटलेली बाटली

कोकम आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या घट्ट रसाच्या, पहिल्या बाटलीवर मी जे लेबल लावलं त्यात निळाशार समुद्र होता, वाकलेला माड होता आणि कोपऱ्यात दीपगृह. पुण्यात कमर्शिअल आर्ट शिकून आले होते, त्यामुळे काम सफाईदार. घरी काकीला दाखवलं. तिने चष्मा लावून बाटली लांब धरली आणि विचारलं, "ह्या खंयचा गो?" म्हणजे, हे कुठलं गं?

बरोबर विचारलं. आमचं गाव कुडाळ तालुक्यात, आतल्या बाजूला. समुद्र बघायचा तर वेंगुर्ल्याची एसटी धरावी लागते. आमच्याकडे आहे ती भातशेती, काजू आणि व्हाळाच्या काठाने उभी भिरंडाची, म्हणजे कोकमाची झाडं. मी जे काढलं होतं ते हॉटेलच्या जाहिरातीतलं कोकण होतं.

हे २०२१ चं. तेव्हापासून आगळ, एक कॅलेंडर आणि रानभाज्यांची एक अर्धवट राहिलेली वही एवढे उद्योग करून झाले. हल्ली कॉलेजातली मुलं विचारतात, "ताई, आम्हालाही आपल्या भागाचं काहीतरी करायचंय, कुठून सुरुवात करू?" त्यांना फोनवर जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी वस्तू एकच घ्या. माझ्या पहिल्या यादीत अकरा होत्या: आगळ, आमसुलं, काजूगर, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, सावंतवाडीची लाकडी खेळणी, गंजिफाचे पत्ते आणि असंच काय काय. एकट्या दशावतारी गंजिफाच्या संचात १२० पानं असतात, हातांनी रंगवलेली. ती विकायची तर तो खेळ, ती रंगाची पद्धत, ती माणसं आधी कळायला हवीत. प्रत्येक वस्तूमागे असं एकेक जग आहे. अकरा जगं एका उन्हाळ्यात कुणाला कळत नाहीत. दहा वस्तू खोडल्या, आगळ ठेवलं, कारण ते आमच्याच पडवीत होत होतं.

आणि विकण्याआधी एक पूर्ण हंगाम नुसतं हाताखाली काम करा. मला वाटायचं कोकम मला माहीत आहे, लहानपणापासून पितेच की. पण रत्नागिरीकडे ज्याला रातांबा म्हणतात त्यालाच आम्ही भिरंड म्हणतो, यापलीकडे मला काही येत नव्हतं. कोकमात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, हे मला तेविसाव्या वर्षी कळलं. बी लावून वाढवलेलं झाड नर निघालं तर वर्षानुवर्षं पाणी घालून एक फळ मिळत नाही, म्हणून लोक कलमं लावतात. फळ पिकतं एप्रिल-मेमध्ये, उशिराचं जूनपर्यंत जातं, आणि नेमका तेव्हाच पाऊस डोक्यावर येऊन बसतो. पावसात भिजलेलं फळ कुजतं, आणि आमसुलं सुकवायला तर कडक ऊनच लागतं: साल सुकवायची, खारवलेल्या रसात बुडवायची, परत सुकवायची, असे फेरे. वेंगुर्ल्याला कोकण कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, तिथे कलमांबद्दल विचारायला गेलं तर माणसं नीट बोलतात. तुमच्या भागातही असं एखादं केंद्र असेल. बहुतेक मुलं तिथे पायरीसुद्धा चढत नाहीत, थेट इन्स्टाग्राम पेज काढतात. मीही तेच केलं होतं.

आता त्या फुटलेल्या बाटलीचं सांगते. आगळ असं करतात. फळं धुऊन, कोरडी करून, फोडून मीठ लावून बरणीत भरायची, रोज ढवळायची, सहा-सात दिवसांत रस सुटतो, मग गाळायचा. पाण्याचा थेंब नको, ॲल्युमिनियमचं भांडं तर अजिबात नको, आंबट रस ते खातो. मीठ काकी हाताने घालते, वजन नाही, माप नाही. पहिल्या वर्षी पुण्यातल्या दोन मैत्रिणींनी चव घेतली आणि म्हणाल्या, फार खारट आहे. मी लगेच हुशारी करून दुसऱ्या घाण्याला मीठ अर्ध्यावर आणलं. शिवाय त्यातली काही फळं वळवाच्या सरीत भिजलेली होती, तीही तशीच ढकलली. चाळीस बाटल्या भरल्या. रंग बघाल तर डाळिंबी, उजेडात धरावा असा.

तीन आठवड्यांनी कोथरूडहून फोटो आला. स्वयंपाकघराची पांढरी भिंत, तिच्यावर छतापर्यंत लाल फवारा, खाली झाकण. बाटली आतून आंबून फुगली होती आणि उघडताना उडाली. बाईंनी एवढंच लिहिलं होतं, "भिंत पुसून जात नाहीये." सगळ्या चाळीस बाटल्या परत मागवल्या, भिंतीच्या रंगाचे पैसे दिले, त्या वर्षीचा नफा तिथेच जिरला. काकीला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मीठ कमी घातलंस तर ता फसफसतलाच. आगळ काय नुसता पिऊचा असता? पाणी घालूक होया." खरंच की. आगळ कधी कुणी नुसतं पितं का? नारळाच्या रसात घातलं की सोलकढी, पाण्यात जिरं-मिरचीसोबत तिवळ. त्याचा खारटपणा हा चवीचा दोष नव्हताच, तेच त्याला टिकवणारं होतं. चूक लेबलाची होती, त्यावर वापरायचं कसं हे लिहिलेलंच नव्हतं. आता मीठ काकीच्या हाताचंच असतं, फक्त मी तिच्या मुठी वजनकाट्यावर मोजून वहीत उतरवून घेतल्या आहेत. ती म्हणते, यापुढे मला काय विचारतेस, तुझ्या काट्यालाच विचार.

कागदपत्रांचं थोडक्यात. खाण्याची वस्तू असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी पहिल्या विक्रीच्या आधी करा, नंतर नाही. छोट्या उत्पादकाची साधी नोंदणी मी ऑनलाइन केली तेव्हा वर्षाला १०० रुपये लागले होते. १४ अंकी नंबर मिळतो, तो लेबलवर छापायचा. त्याशिवाय घटक (जास्त असलेला आधी), निव्वळ वजन किंवा माप, तयार केल्याची तारीख, किंमत, पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहारी असेल तर हिरवा ठिपका. मी हे सगळं नंतर सुचल्यासारखं कोपऱ्यात कोंबलं होतं. आता लेबलाचं चित्र त्या मजकुरानंतर ठरतं.

भौगोलिक मानांकनाबद्दल (जीआय टॅग, म्हणजे एखाद्या भागाच्या खास वस्तूच्या नावाला मिळणारं सरकारी संरक्षण) मात्र जरा थांबून वाचा, कारण इथे सगळेच घसरतात. 'सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम' या नावाला २०१६ साली मानांकन मिळालं आहे, वेंगुर्ला काजूलाही त्याच वर्षी. म्हणून सिंधुदुर्गात राहणाऱ्या कुणीही बाटलीवर ते चिन्ह छापावं असं होत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. ज्या संस्थेने मानांकन घेतलं तिच्याकडे आधी जा, अर्ज कसा भरायचा ते तिथेच कळतं. तोवर बाटलीवर गावाचं नाव लिहा, तालुका लिहा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही आणि गिऱ्हाईकाला तेच जास्त आवडतं.

दुसऱ्या लेबलाच्या वेळी मी आणखी एक घोळ घातला असता. पिंगुळी आमच्यापासून हाकेवर. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारताची चित्रं, पाठीला पाठ चिकटवलेली. पानं उलटत गाऊन गोष्ट सांगायची. त्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री या कलेसाठीच मिळाली. माझ्या डोक्यात आलं, चित्रकथीतला एखादा मोर लेबलवर टाकू. नेटवर चित्र सापडलं, कापलं, बाटलीवर चढवलं, सुंदर दिसत होतं. छापायला टाकणार, तेवढ्यात कॉलेजातल्या मित्राने विचारलं, हे कुणी काढलंय? मला उत्तर देता आलं नाही. चार वर्षं डिझाइन शिकून आलेली मी, माझं काम कुणी असं उचललं असतं तर रडले असते, आणि इथे 'लोककला' म्हटल्यावर ती कुणाचीच नाही असं धरून बसले होते.

मग पिंगुळीला जाऊन एका चित्रकाराकडून भिरंडाची फांदी काढून घेतली. त्यांनी आधी हसून सांगितलं की पोथीत भिरंड नाही, पण काढू. कागदावर लिहून घेतलं: चित्र किती बाटल्यांवर, किती वर्षं, पैसे किती आणि त्यांचं नाव लेबलवर कुठे. एक पानी साधा मराठी कागद, खाली दोघांच्या सह्या. तुम्हीही असाच करा. दशावतारी नाटकांच्या कॅलेंडरचं असंच. जत्रेत रात्री फोटो कुणीही काढतं, पण रंगपटात पेटाऱ्यावर बसून स्वतःचं तोंड रंगवणाऱ्या माणसाचा फोटो छापून विकायचा तर मंडळाच्या मालकाला आणि त्या माणसाला, दोघांनाही विचारावं लागतं. एकाने नको म्हटलं. तो महिना नाटकातल्या संकासुराच्या सोंगाने भरून काढला.

पैशांचं बोलायला आपण लाजतो, म्हणून आकडेच देते. अर्ध्या लिटरच्या बाटलीला माझा खर्च असा: फळं आणि मीठ ४५ रुपये, काचेची बाटली झाकणासकट २४, लेबल ६, मजुरी ३०. झाले १०५. पहिल्या वर्षी मी ती १२० ला विकली आणि मजुरीचे ३० धरलेच नव्हते, कारण काम काकी आणि शेजारच्या दोन बायका करत होत्या, घरचंच! शेजारच्या वहिनींनी दुसऱ्या मे महिन्यात यायचं बंद केलं तेव्हा कळलं. वाट वाकडी करून गेले, तर म्हणाल्या, काजूच्या कारखान्यात रोजचे पैसे मिळतात. आता मजुरी आधी, बाटलीची किंमत मागाहून. दुकानदार ३० टक्के मागतो हेही धरा, नाहीतर प्रत्येक बाटलीमागे तुम्हीच त्याला पैसे द्याल.

रानभाज्यांची वही का राहिली तेही सांगून टाकते. टाकळा, फोडशी, कुर्डू इथवर गेले आणि मग पावसाळ्यात ऑर्डरींच्या नादात रानात जायला वेळच राहिला नाही. यंदा बघू.

लेबलवर आता मोठ्या अक्षरात 'भिरंडाचं आगळ' असं लिहिलंय, खाली बारीक 'कोकम, रातांबा'. मुंबईतल्या एका दुकानदाराने हे नाव चालणार नाही म्हणून सांगितलं होतं. गेल्या महिन्यात डोंबिवलीहून एका आजोबांचा फोन आला, मूळचे माणगाव खोऱ्यातले. बाटलीवरचा शब्द शेजाऱ्यांकडे वाचला आणि नंबर लावला. त्यांच्या परसातलं झाड, कुणी कधी तोडलं, बियांचं मुठेल (घट्ट तेल) त्यांची आई थंडीत टाचांना कसं लावायची, सगळं सांगितलं. वीस मिनिटं बोलले. बाटली काही मागवली नाही.