सर्टिफिकेशन निवडताना: आधी काम ठरवा, मग परीक्षा

आयटीतल्या सर्टिफिकेशनच्या याद्या बघण्याआधी नोकरी डॉट कॉम किंवा लिंक्डइन उघडा आणि दोन वर्षांनी तुम्हाला जे पद हवंय त्याच्या पंधरा-वीस जाहिराती नीट वाचा. कोणत्या परीक्षेचं नाव पुन्हा पुन्हा येतंय आणि ते ‘आवश्यक’मध्ये आहे की ‘असल्यास प्राधान्य’मध्ये, हे वहीत लिहून काढा. पुण्यात क्लासच्या पाट्या वाचून परीक्षा ठरवणारी मुलं मला सतत भेटतात. क्लासवाले त्यांच्याकडे जे शिकवायला आहे तेच सुचवणार. कंपन्यांना काय हवंय ते जाहिरातीतच कळतं.

मी सर्व्हर सपोर्टच्या नाइट शिफ्टपासून सुरुवात करून क्लाउडकडे आलो, म्हणून माझं सांगणं इन्फ्रास्ट्रक्चरच्या (सर्व्हर, नेटवर्क, क्लाउड सांभाळण्याच्या) बाजूचं आहे. डेव्हलपर व्हायचं असेल तर सर्टिफिकेटपेक्षा गिटहबवरचा तुमचा कोड जास्त बोलतो.

लिनक्सकडे जायचं असेल तर रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए ही सर्व्हर सांभाळण्याची परीक्षा माझी पहिली शिफारस. या परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडायचा प्रकारच नाही. समोर चालू मशीन असतं आणि कामांची यादी असते. बूट मध्येच थांबवून मशीनचा ताबा मिळवणं, एलव्हीएमचं (डिस्कची जागा वाटून देणाऱ्या व्यवस्थेचं) व्हॉल्यूम वाढवणं, फाइलसिस्टिम कायमस्वरूपी माउंट करणं (वापरासाठी जोडणं), हे सगळं अभ्यासक्रमात आहे. ३०० पैकी २१० गुणांना पास. मुख्य अट अशी, की तुम्ही केलेलं काम रीबूटनंतरही टिकलं पाहिजे. सुरू होताना काय काय माउंट करायचं याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये यूयूआयडीचं (डिस्कच्या ओळख क्रमांकाचं) एक अक्षर चुकलं तरी मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकू शकतं. म्हणून फाइल सेव्ह केली की आधी ‘माउंट -ए’ (यादीतलं सगळं माउंट करून बघणारी कमांड) चालवायचं, एरर नाही ना बघायचं, मगच रीबूट. पॅचिंगच्या (अपडेट टाकण्याच्या) रात्री क्लायंटचा सर्व्हर खाली जाऊन परत वर येईपर्यंत सगळी टीम कॉलवर थांबलेली असते, तेव्हा या सवयीची किंमत कळते. कुबरनेटिसची (कंटेनरमधली अ‍ॅप्स अनेक मशीनवर चालवणाऱ्या प्रणालीची) सीकेए परीक्षाही अशीच, दोन तास टर्मिनलवर. तिथे अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडून बघायची मुभा असते, पण शोधत बसलात तर वेळ पुरत नाही.

नेटवर्किंगसाठी सिस्कोची सीसीएनए अजूनही पाया पक्का करते. स्लॅश २६ च्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या छोट्या तुकड्यात) ६२ होस्ट, म्हणजे मशीन, बसतात हे कागद न घेता सांगता आलं पाहिजे.

क्लाउडमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ उडतो. एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) क्लाउड प्रॅक्टिशनरची फी १०० डॉलर, सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएटची १५०. कॉम्प्युटरची पदवी असेल आणि सर्व्हर-नेटवर्कची तोंडओळख असेल, तर थेट असोसिएटचा अभ्यास करा. क्लाउड प्रॅक्टिशनर सेल्समधून किंवा दुसऱ्या क्षेत्रातून येणाऱ्यांना बरी पडते. अ‍ॅझ्युअरमध्येही (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्येही) एझेड-९०० या प्राथमिक परीक्षेवर थांबू नका. अ‍ॅडमिनचं काम हवं असेल तर एझेड-१०४ करा.

मी इंटरव्ह्यूला बसतो तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतो: प्रायव्हेट सबनेटमधल्या सर्व्हरला इंटरनेटवरून अपडेट घ्यायचे आहेत, पण बाहेरून कुणाला आत येऊ द्यायचं नाही. काय कराल? ज्यांनी स्वतः लॅब केलेली असते ते नॅट गेटवे (आतल्यांना बाहेर जाऊ देणारा, बाहेरच्यांना आत न घेणारा दरवाजा) पब्लिक सबनेटमध्ये ठेवतात, प्रायव्हेट सबनेटच्या राउट टेबलमध्ये (कोणता डेटा कुठून जाणार त्या तक्त्यात) त्याची नोंद करतात, आणि काही जण आपणहून सांगतात, “सर, काम झालं की डिलीट करायचं, नाहीतर तासावर बिल चालू राहतं.” हे शेवटचं वाक्य ऐकलं की माणसाने खरंच हात घातलाय याची खात्री पटते. डम्प्स (परीक्षेतून बाहेर आलेली प्रश्नोत्तरं) पाठ करून आलेल्यांना गेटवेचं नाव येतं, तो कुठे ठेवायचा ते येत नाही. शिवाय डम्प्स वापरल्याचं उघड झालं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं आणि पुढच्या परीक्षांवरही बंदी येऊ शकते.

सीआयएसएसपी (सिक्युरिटीची) आणि पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटची) ही नावं फ्रेशर्सना फार खुणावतात. सीआयएसएसपीला पाच वर्षांचा अनुभव लागतो (पदवीमुळे एक वर्ष सूट मिळू शकते), आणि पदवीधराला पीएमपीसाठी ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव दाखवावा लागतो. आत्ता सिक्युरिटीत शिरायचं असेल तर कॉम्पटियाची सिक्युरिटी प्लस बघा.

फी भरण्याआधी सर्टिफिकेटची मुदत तपासा. सीसीएनए आणि एडब्ल्यूएसची तीन वर्षं, सीकेएची दोन. एझेड-१०४ ची एकच वर्ष, पण तिचं रिन्यूअल मायक्रोसॉफ्ट लर्नवर फुकटात होतं. एडब्ल्यूएसची एक परीक्षा पास झालात की पुढच्या परीक्षेवर ५० टक्के सवलत मिळते, ती वाया घालवू नका. कंपनी पैसे परत देणार असेल तर एचआरकडून लेखी घ्या: पास झाल्यावरच देणार का, आणि त्याबदल्यात किती महिने नोकरी सोडता येणार नाही.

आणि नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. लग्नानंतर पासपोर्टवर एक आडनाव आणि परीक्षेच्या खात्यावर दुसरं, असं आपल्याकडे बऱ्याच मुलींचं होतं. नाव जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि फीही बुडू शकते. दुरुस्तीला वेळ लागतो, त्यामुळे ती तारीख बुक करण्याआधीच करून घ्या.