रिजेक्शनची वही

अठरा वर्षं मी भोसरी एमआयडीसीत क्वालिटीला होतो. सकाळी आल्या आल्या रेड बिनमधले, म्हणजे तपासणीत नापास झालेले, पार्ट मोजायचे, कुठल्या मशीनचे किती, कशामुळे गेले ते लिहायचं, मग चहा. ४४व्या वर्षी कंपनीनं एक लाईन बंद केली आणि आम्ही नऊ जण बाहेर पडलो. पुढची नोकरी मिळायला अकरा महिने लागले.

त्यातले पहिले चार महिने मी कसे घालवले ते सांगतो, म्हणजे तुम्ही तसे घालवणार नाही. रोज नौकरी डॉट कॉमवर दिसेल त्या जाहिरातीवर अप्लाय दाबायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी मेल उघडायचा, रात्री आरशासमोर मुलाखतीची तयारी करायची. एकदा मेहुण्यानं सहज विचारलं, "दाजी, आतापर्यंत किती ठिकाणी अर्ज झाले?" मला आकडा सांगता येईना. शॉपवर मला दिवसाचं रिजेक्शन तोंडपाठ असायचं, आणि स्वतःचं माहीत नव्हतं! लाज वाटली ती नोकरी नसल्याची नाही, आकडा नसल्याची.

त्या रात्री मुलीची गणिताची अर्धी कोरी वही घेतली आणि रकाने आखले. तुम्हीही तेवढंच करा, एक्सेल वगैरे नंतर बघू. तारीख, कंपनी, जागा कुठून कळली, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे गाडी कुठे अडली. उत्तरच आलं नाही? एचआरचा फोन आला आणि तिथेच संपलं? टेक्निकल राऊंडला गेलो आणि पडलो? की पगारावर फिसकटलं? या चार ठिकाणांची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. 'मला कोणी घेत नाही' हे कारण नव्हे. ऑपरेटरनं 'पार्ट खराब झाला' एवढंच सांगितलं तर आपण त्याला सोडत नाही, तसं स्वतःलाही सोडू नका.

दीड महिन्यात ६३ नोंदी झाल्या. त्यातल्या ५८ पुढे 'उत्तर नाही'. म्हणजे आरशासमोरची सगळी मेहनत वाया. मुलाखतीपर्यंत मी पोचतच नव्हतो. मग का, का, का करत बसलो. एका कन्सल्टन्सीत पूर्वीचा ओळखीचा मुलगा होता, त्याला म्हटलं, तू माणूस शोधताना काय टाईप करतोस ते माझ्यासमोर कर. त्यानं 'आयएटीएफ' टाकलं, म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांचं क्वालिटी स्टँडर्ड. माझ्या रिज्युमेत होतं 'टीएस १६९४९'. ते स्टँडर्ड २०१६ मध्येच बदलून आयएटीएफ १६९४९ झालं, जुनी सर्टिफिकेटं २०१८ मध्ये बाद झाली. त्यानंतरची ऑडिटं मी स्वतः दिली होती, पण रिज्युमे जुनाच! शोधात माझं नाव येणार कुठून? शिवाय आमच्या कंपनीत माझा हुद्दा 'ऑफिसर क्यूए' (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स), तर बाजारात त्याच कामाला 'सप्लायर क्वालिटी इंजिनिअर' म्हणतात. हुद्दा खोटा लिहायचा नाही, पण खाली कामाची ओळ बाजाराच्या भाषेत लिहायची: पीपीएपी (नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घेणं), एमएसए (मोजमाप कितपत भरवशाचं ते तपासणं), एट-डी (तक्रारीचं मूळ शोधून ती मिटवणं), वेंडर ऑडिट. पुढच्या महिन्यात पाच फोन आले.

इथे एक पथ्य आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पंधरा दिवस थांबा. रिज्युमे, पगाराची अपेक्षा, गाव असं सगळं एकदम बदललं की फोन कशामुळे आले ते कधीच कळत नाही. मशीनवर फीड, स्पीड आणि इन्सर्ट (कापणारं पातं) एकाच वेळी बदलणारा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, मी पाहिलेला आहे. पार्ट सुधारला, पण का ते त्यालाही सांगता आलं नाही.

फोन येऊ लागल्यावर गाडी अडायची ती "गॅप का?" वर. मी पाच मिनिटं कैफियत मांडायचो. नंतर उत्तर एका श्वासाचं केलं: "लाईन बंद झाली, आम्ही नऊ जण निघालो, रिलीव्हिंग लेटर आहे," आणि लगेच समोरच्यालाच विचारायचं, "तुमच्याकडे कस्टमर कम्प्लेंट जास्त कशाच्या आहेत?" की बोलणं कामावर आलं.

पोर्टलवर न दिसणाऱ्या जागा कोणाला ठाऊक असतात? माझ्या मते कॅलिब्रेशनवाल्याला, म्हणजे गेज, मोजायची साधनं, बरोबर दाखवतात का ते तपासून देणाऱ्याला. गेज आणायला-पोचवायला तो महिन्यात पंचवीस-तीस कंपन्यांत जातो. कुठल्या क्यूए हेडनं राजीनामा टाकलाय हे एचआरच्या आधी त्याला कळतं. कूलंट विकणारा, इन्सर्टवाला, टेम्पोवाला हीही त्याच जातीची माणसं. तुमच्या धंद्यात असा फिरता माणूस कोण, ते शोधा. त्याला "नोकरी बघ" म्हणू नका, तो संकोचतो. "कोणाकडे क्वालिटीचा माणूस नवीन आलाय का, कोण गेलाय का" एवढंच विचारा. आणि भोसरीत असाल तर गुरुवारी फोन करू नका, एमआयडीसीला सुट्टी असते.

आठव्या महिन्यात चाकणला सॉर्टिंगचं काम घेतलं. दुसऱ्याच्या सदोष मालातून चांगले पार्ट वेगळे काढणाऱ्या पोरांवर देखरेख, रोजावर. जाताना जड गेलं, खोटं कशाला बोलू? पण तीन आठवडे बूट घालून बाहेर पडलो, दोन पैसे आले, आणि रिज्युमेवरची शेवटची तारीख चालू महिन्याची झाली. तिथल्याच एका सप्लायरनं त्याच्या छोट्या युनिटच्या फायली करून मागितल्या.

उमेदीबद्दल मला विशेष सांगता येत नाही. ती येईल म्हणून वाट पाहिली तेव्हा आली नाही. डबा घेऊन साडेनऊला अभ्यासिकेत जायचो, एकला उठायचो. साडेतीन तासांहून जास्त नोकरी शोधली की माणूस शोधत नाही, नुसता कुढतो. वहीत निकाल लिहायचा, पण दिवस मोजायचा तो आपल्या हातातल्या गोष्टीवर: आज तीन माणसांशी बोललो की नाही? घरात रोजचं "काय झालं?" बंद करून शुक्रवारी जेवताना एकदाच सांगायचं ठरवलं. आईला हे पटायला महिना लागला. आणि डिपॉझिट, ट्रेनिंग फी असं काहीही मागणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. थकलेल्या माणसाला हेच लोक बरोबर ओळखतात.

ऑफर आली म्हणून वही मिटू नका. एका ठिकाणी रुजू व्हायच्या चार दिवस आधी मला "पद तूर्त रद्द" असा मेल आला होता. पुढे तळेगावची ही आताची नोकरी लागली, पगार पूर्वीपेक्षा थोडा कमी, पण त्या अनुभवामुळे पहिला पगार खात्यात पडेपर्यंत मी कॅलिब्रेशनवाल्याला फोन करत होतो. आता तो आमच्याकडेच गेज न्यायला येतो आणि आल्या आल्या विचारतो, "साहेब, तुमच्याकडे कोण गेलंय का?"