सणासुदीच्या दिवसांत चवीने, पण बेताने कसे खावे

सणासुदीत वजन वाढले की आपण दोष देतो मेजवानीला. पण एका दिवसाच्या भरपेट जेवणाने फारसे बिघडत नाही. बिघडवतात ते आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत येता-जाता तोंडात टाकलेले घास. अमेरिकेत 195 प्रौढांवर झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुट्ट्यांच्या काळातली सरासरी वाढ जेमतेम 0.37 किलो निघाली. अडचण अशी की, पुढच्या महिन्यांत ती उतरली नाही. दरवर्षी थोडी थोडी भर पडत गेली, तर हिशेब मोठा होतो.

1. आधी कॅलेंडर बघा

खरी मेजवानी नेमकी कोणत्या दिवशी आहे, त्यावर खूण करा. त्या दिवशी मनसोक्त खा. बाकीचे दिवस नेहमीच्या जेवणाचे. घरात आलेले गोडाचे डबे टेबलावर न ठेवता बंद कपाटात ठेवा. समोर दिसले की हात जातोच.

2. उपाशी पोटी जाऊ नका

रात्री आमंत्रण आहे म्हणून दुपारचे जेवण टाळण्याची युक्ती हमखास अंगाशी येते. कडकडून भूक लागलेला माणूस निवड करत नाही, समोर येईल ते खातो. दुपारी हलके पण पुरेसे जेवा, त्यात प्रथिने आणि भाज्या असू द्या. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर जेवण अजिबात चुकवू नये. रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

3. वाढून घेण्याआधी एक फेरी मारा

माझ्या मते सगळ्यात कामाची पायरी हीच. एकच पदार्थ खात राहिले की त्याची गोडी हळूहळू कमी होते, पण नवी चव समोर आली की पोट भरलेले असूनही खावेसे वाटते. जेवणानंतर ‘गोडाला जागा असते’ ती यामुळेच. म्हणून आधी सगळे पदार्थ नुसते बघून घ्या. जे एरवी कधीही मिळते ते सोडा. वर्षातून एकदाच मिळणारे दोन-तीन पदार्थ निवडा आणि उरलेले अर्धे ताट भाज्या-कोशिंबिरीने भरा. लहान ताट घेतले की आपोआप कमी खाल्ले जाते, असेही सांगतात. त्याचे पुरावे तितकेसे पक्के नाहीत, त्यामुळे नुसत्या ताटावर विसंबू नका.

4. बसून, सावकाश खा

पोट भरल्याचा संदेश मेंदूपर्यंत नीट पोहोचायला साधारण 20 मिनिटे लागतात. फोन बाजूला ठेवा, घास संपल्याशिवाय दुसरा उचलू नका. पुन्हा वाढून घ्यायचे असेल तर दहा मिनिटे गप्पा मारा आणि मग ठरवा.

आणि आग्रह? ‘पोट भरलं’ म्हटले की समोरच्याला आणखी जोर चढतो. त्यापेक्षा ‘फार छान झालंय, कसं केलंत?’ असे विचारा. वाढणारा कृती सांगण्यात रंगतो आणि तुमचे ताट वाचते. तरीही सुटका होत नसेल तर ‘डब्यात द्या, उद्या खाईन’ म्हणा.

5. पेयांचाही हिशेब ठेवा

330 मिलिलिटरच्या गोड शीतपेयात साधारण 35 ग्रॅम साखर असते. दिवसाला 2,000 कॅलरी घेणाऱ्या प्रौढासाठी जागतिक आरोग्य संघटनेची वरून घातलेल्या साखरेची मर्यादा 50 ग्रॅमच्या आत आहे, 25 ग्रॅमच्या आत राहिल्यास अधिक चांगले. मद्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये 7 कॅलरी, म्हणजे साखरेपेक्षाही जास्त. दोन पेयांच्या मध्ये ग्लासभर पाणी प्या.

6. जेवण झाल्यावर

आडवे होण्याआधी दहा-पंधरा मिनिटे चाला. जेवणानंतर वाढणारी साखर त्याने आटोक्यात राहते. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपास नको, नेहमीचा नाश्ता करा.

उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, तेही एकेका जेवणापुरत्या छोट्या डब्यांत. मोठे पातेले बाहेर काढले की गरजेपेक्षा जास्त वाढले जाते. तीन-चार दिवसांत संपणार नसेल ते पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका, नाहीतर पाहुण्यांबरोबर बांधून द्या.