विकेट: मैदानात, स्कोअरबुकात आणि कॉमेंट्रीत

‘विकेट चांगली आहे’, ‘विकेट पडली’, ‘विकेटला चेंडू लागला’. तिन्ही वाक्यांतली विकेट वेगळी, आणि नवख्या स्कोअररचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

मूळ विकेट म्हणजे तीन स्टंप आणि त्यांच्यावर आडव्या ठेवलेल्या दोन छोट्या दांड्या, म्हणजे बेल्स. उंची ७१.१२ सेंमी, रुंदी २२.८६ सेंमी. स्टंप ठोकताना मधून चेंडू आरपार जात नाही ना, हे चेंडू धरूनच तपासा. पूर्वी दोनच स्टंप असत. १७७५ मध्ये गोलंदाज लम्पी स्टीव्हन्सचे चेंडू फलंदाज जॉन स्मॉलच्या स्टंपमधून आरपार गेले, बेल पडली नाही, आणि मग तिसरा स्टंप आला.

धावचीत आणि यष्टिचीतच्या वेळी बेलवर बारीक नजर ठेवा. बेल उडून परत खाचेत बसली तर विकेट मोडलेली नाही. मात्र पडताना दोन स्टंपच्या मध्ये अडकली तर मोडली. दोन्ही बेल्स आधीच पडल्या असतील तर स्टंप उपटावा लागतो, तोही ज्या हातात चेंडू आहे त्याच हाताने. यष्टिरक्षक घाईत नेमके हेच विसरतात: चेंडू उजव्या हातात, स्टंप डाव्या हातात, आणि फलंदाज नाबाद.

स्कोअरबुकात विकेट म्हणजे बाद झालेला गडी. धावचीत झालेल्याची विकेट संघाच्या खात्यात धरा, गोलंदाजाच्या नाही. दुखापतीमुळे बाहेर गेलेल्या फलंदाजाची विकेट पडत नाही. तिसरी विकेट पडल्यावर सुरू होते ती चौथ्या विकेटची भागीदारी. पाठलाग करताना ४ गडी गमावून जिंकलात तर विजय ६ गडी राखून. पहिल्यांदा फलंदाजी करून जिंकलात तर फरक धावांत लिहायचा. ऑस्ट्रेलियात धावफलक उलटा असतो, म्हणजे आपले १२०/३ तिथे ३/१२० होते.

कॉमेंट्रीत ‘विकेट संथ आहे’ म्हटले की ती खेळपट्टी, २०.१२ मीटरची. नियमांच्या भाषेत तिला पिचच म्हणतात, म्हणून लेखी अहवालात ‘खेळपट्टी’ लिहिलेले बरे.

‘ओव्हर द विकेट’ ओळखायचे तर गोलंदाजाचा हात पाहा. चेंडू टाकणारा हात स्टंपच्या जवळच्या बाजूला असेल तर ओव्हर, लांबच्या बाजूला असेल तर ‘राउंड द विकेट’.