वाडीत बसून अ‍ॅफिलिएट: बिनपगारी दोन वर्षांचा हिशेब

कोकणात ‘कामाला आहे’ म्हणजे मुंबईला आहे, हे न सांगता समजतं. गिरणीतला मुलगा, गावची मनीऑर्डर, शिमग्याला आणि गणपतीला उघडणारं घर, ही रीत इतकी मुरली की जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला, मनीऑर्डरी आटल्या, तरी सोयरिकीत पहिला प्रश्न आजही ‘नोकरी कुठे?’ हाच असतो. वर्षाचे अकरा महिने घराला कुलूप लावायचं आणि त्याला स्थैर्य म्हणायचं, हे नव्या पोरांना पटत नाही. त्यांचं चूक नाही. पण ‘झोपेतही पैसे येतात’ असं सांगून अ‍ॅफिलिएटचा वीस हजारांचा कोर्स विकणाऱ्याने त्यांना गाठलं की घोटाळा होतो. अशा ठिकाणी एकच विचारावं: पैसे वस्तू विकली गेल्यावर मिळतात, की आणखी माणसं कोर्सला जोडल्यावर? उत्तर दुसरं असेल तर ती साखळी आहे, आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांत पिरॅमिड योजनांना बंदी आहे.

अ‍ॅफिलिएट म्हणजे सरळ दलाली. शब्द आवडला नाही तरी आयकर खातं त्याच शब्दाने ओळखतं. तुमच्या वेबसाइटवरच्या लेखात ऑनलाइन दुकानातल्या वस्तूची लिंक असते, तिच्यात तुमचा कोड असतो. वाचक त्यावरून दुकानात गेला आणि ठरावीक मुदतीत खरेदी केली, तर कमिशन तुमचं. अ‍ॅमेझॉनवर ही मुदत २४ तास आहे. तेवढ्यात वस्तू कार्टमध्ये टाकली तर पुढे कार्ट टिकेपर्यंत, साधारण तीन महिने, हक्क राहतो. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घेतलेल्या मालाचं कमिशन मिळत नाही. माल परत गेला की कमिशनही परत जातं. पैसे महिना संपल्यावर जवळपास ६० दिवसांनी येतात, म्हणजे सप्टेंबरातल्या ऑर्डरचे नोव्हेंबरअखेर.

नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे पहिल्याच दिवशी अ‍ॅफिलिएट खातं उघडणं. अ‍ॅमेझॉनच्या खात्यावर १८० दिवसांत किमान तीन विक्री झाल्या नाहीत तर ते बंद होतं. साइटवर पंधरा-वीस लेख होऊ द्या, रोज थोडे वाचक येऊ द्या, मग अर्ज करा.

आता आकडे. समजा महिन्याला ३,००० वाचक आले. त्यांतल्या १० टक्क्यांनी लिंक दाबली, ३०० झाले. त्यांतल्या ३ टक्क्यांनी खरेदी केली, नऊ ऑर्डरी. सरासरी २,००० रुपयांचा माल आणि ५ टक्के कमिशन धरलं तर हातात ९०० रुपये. याच मापाने महिन्याला १५,००० हवे असतील तर ५०,००० वाचक लागतात. हा हिशेब भिंतीवर लावा. दुसऱ्या महिन्यात ४० रुपये आले की माणूस खचतो तो आकडा लहान असल्यामुळे नाही, माप ठाऊक नसल्यामुळे.

खर्च मात्र थोडा आहे. डोमेनला, म्हणजे साइटच्या नावाला, वर्षाला साधारण हजारच्या आत-बाहेर, होस्टिंगला, म्हणजे साइट ठेवायच्या जागेला, दोन-चार हजार. होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा भाव सवलतीचा असतो आणि नूतनीकरणाला दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून घेतानाच पुढचा भाव वाचावा.

विषयात मात्र घाई नको. ‘सर्वोत्तम दहा मोबाइल’ लिहायला देशभरात हजारो जण बसलेत, शिवाय मोबाइलवरचं कमिशन अगदी कमी असतं. वाडीतल्या माणसाची खरी पुंजी म्हणजे वस्तू हाताळल्याचं ज्ञान. ग्रासकटरच घ्या. टू-स्ट्रोक यंत्रात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. ४०:१ असेल तर लिटरला २५ मिली, २५:१ असेल तर ४० मिली, आणि प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत असेल तेच. फोर-स्ट्रोकचं ऑइल वेगळं भरायचं, पेट्रोल निव्वळ. जांभ्याच्या कातळावर लोखंडी पातं लागलं की दाते उडतात, म्हणून दगडाळ जागी नायलॉनची दोरी बरी. पण तीच दोरी नव्या कलमाच्या खोडाला लागली तर साल सोलून काढते, तेव्हा खोडाभोवती हातभर जागा कोयत्यानेच बेणावी. हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल तसंच ठेवलं तर हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला पाणी सुटतं, कार्बोरेटर तुंबतो, आणि पुढच्या श्रावणात यंत्र चालू होत नाही. एवढं ज्या लेखात आहे त्यातल्या लिंकवर माणूस विश्वासाने बोट ठेवतो. विक्रेत्याच्या पानावरची वैशिष्ट्यं उतरवून काढलेल्या लेखावर ठेवत नाही.

असेच विषय दमट हवेत टिकणारे इन्व्हर्टर, फवारणी पंप, ताडपत्री, नारळ सोलणी, आंब्याचे क्रेट यांचे आहेत. मासेमारीची जाळी आणि दोर हाही चांगला विषय, पण तिथे अर्धवट माहितीवर लिहू नये, दर्यावर्दी माणूस दोन ओळींत ओळखतो. लिंक देण्याआधी आपल्या दोन-चार गावांचे पिनकोड टाकून बघावेत. जड माल पुष्कळदा तालुक्याच्या पुढे येत नाही, आणि वाचकाला ते पैसे भरताना कळलं तर तो पुन्हा फिरकत नाही.

शब्द कसे निवडायचे? लोक मराठीच बोलतात, पण शोधताना बरेचदा तीच मराठी रोमन लिपीत टाइप करतात. शोधपट्टीत ‘गवत कापण्याचे’ एवढंच लिहून खाली काय सुचवलं जातं ते पाहा, मग तेच रोमन लिपीत करून पाहा. दोन्ही याद्या वहीत उतरवा. शीर्षक देवनागरीतच ठेवा, लेखाच्या वेबपत्त्यात रोमन रूप वापरा.

वेळापत्रक मात्र आगोटीचं, म्हणजे पावसाआधीच्या तयारीचं. ताडपत्री आणि रेनकोट लोक मे महिन्यात शोधतात, पण नव्या साइटचा लेख शोधयंत्रात वर यायला कित्येक महिने जातात. तेव्हा आगोटीचा लेख डिसेंबर-जानेवारीत हवा. ग्रासकटरचा शोध गणपतीच्या आधी-मागे वाढतो, त्याचा लेख होळीच्या सुमारास लिहा. आंबे उतरवायचा झेला, क्रेट यांचे लेख पावसात. लावणी उरकल्यावर तसंही बाहेरचं काम कमी.

वीज राहिली तर, हे आलंच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे खांब आडवे केले, तेव्हा कित्येक गावांना अनेक आठवडे अंधारात काढावे लागले. रोजची अडचण मात्र लहान असते: वारा सुटला, फांदी पडली, फायबर तुटली. राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावला तर तीन-चार तास निघतात. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा, आणि लेख आधी ऑफलाइन लिहून मग चढवा. फोटोसाठी कॅमेरा असेल तर तो सिलिका जेलच्या डब्यात; आपल्या हवेत लेन्सला एका पावसात बुरशी धरते.

प्रामाणिकपणा हा इथे कायद्याचाही भाग आहे. ‘या लिंकवरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळतं’ हे लेखाच्या सुरुवातीला, वाचता येईल अशा अक्षरात लिहा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. लिंकला शोधयंत्रासाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही तांत्रिक खूण लावायची असते, गूगलने ती २०१९ मध्ये आणली. अ‍ॅमेझॉनच्या वस्तूची किंमत लेखात हाताने टाकू नका. ती बदलते, आणि नियमातही बसत नाही.

एकाच दुकानावर सगळं ठेवणं धोक्याचं. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत अनेक प्रकारांचे दर एका झटक्यात उतरवले, फर्निचरचा ८ वरून ३ टक्क्यांवर आला. जे फक्त त्यावर जगत होते त्यांतल्या अनेकांची कमाई एका रात्रीत निम्म्याखाली गेली. दुसरा फटका शोधयंत्राचा. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल अनेक प्रश्नांचं एआयने रचलेलं उत्तर वरच देऊन टाकतं. ‘टू-स्ट्रोक म्हणजे काय’ असले लेख त्यामुळे कोरडे पडले. ‘उतारावरच्या काजूच्या बागेत कोणतं यंत्र चालेल’ याचं उत्तर मात्र अजून माणसाकडेच शोधलं जातं. दुसरं दुकान जोडा, आणि नेहमीच्या वाचकांसाठी यूट्यूब किंवा व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल ठेवा. तिथे लिंक टाकण्याआधी त्या दुकानाचे नियम वाचा, सगळीकडे परवानगी नसते.

चिकाटीबद्दल बोलायचं तर ती मोजता आली पाहिजे. पहिले सहा महिने पैशांकडे बघूच नका, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये ‘इम्प्रेशन्स’ बघा, म्हणजे शोधात तुमचं पान किती वेळा दिसलं तो आकडा. ते वाढतायत आणि क्लिक नाहीत, तर शीर्षक चुकलंय. क्लिक आहेत आणि दुकानापर्यंत कोणी जात नाही, तर लिंक फार खाली आहे किंवा लेखाने निर्णयाला मदत केलेली नाही. दुकानात जातात पण घेत नाहीत, तर वस्तू महाग आहे, पिनकोडला येत नाही, किंवा जवळच्या बाजारपेठेत स्वस्त मिळते. तिसऱ्या प्रकारात तो विषय सोडलेला बरा. नुसतं ‘आणखी लिहीत राहा’ हा सल्ला यातल्या कशालाच लागू पडत नाही.

नोकरी असेल तर ती टिकवूनच सुरुवात करा. बारा महिन्यांची सरासरी घरखर्चाइतकी झाली आणि वर्षभराचा खर्च बाजूला पडला, तरच राजीनाम्याचा विचार. एखाद्या दिवाळीच्या महिन्यावर कधीच नाही. पगाराबरोबर पीएफ, विमा आणि बँकेतली पत येते, ती आता स्वतः उभी करायची. पीपीएफ वर्षाला ५०० रुपयांपासून चालतं, पंधरा वर्षांचं असतं. गृहकर्जासाठी बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते, म्हणून उत्पन्न किरकोळ असलं तरी ते दरवर्षी भरा. कमिशनवर २ टक्के टीडीएस, म्हणजे आधीच घेतलेला कर, कापला जातो, पॅन दिलं नसेल तर २०. अंदाजे नफा दाखवायची सोपी योजना कमिशनच्या उत्पन्नाला नाही, त्यामुळे आयटीआर-४ हे सोपं विवरणपत्र भरून मोकळं होता येत नाही, आयटीआर-३ लागतो. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांसाठी २० लाख आहे, तिची चिंता एवढ्यात नको.

दोन वर्षं झाली, साठ-सत्तर नीट लेख झाले, आणि तरी इम्प्रेशन्स सपाट आहेत, तर विषय बदला किंवा थांबा. काजूचं कलमही तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरायला लागतं, न धरणाऱ्याला खत घालत राहत नाहीत. डोमेनचं आणि होस्टिंगचं नूतनीकरण मात्र चुकवू नका. चांगले उतरलेले चार-पाच लेख नवं लिहिणं थांबल्यावरही मे महिन्यात ताडपत्री शोधणाऱ्याला सापडत राहतात.