जुनी पिकअप प्रदर्शनाला नेताय? या चुका टाळा

पाऊस सरला, रस्ते सुकले की कोकणात जुन्या गाड्यांचे मेळावे सुरू होतात. कधी शाळेच्या मैदानावर, कधी नगरपालिकेच्या पटांगणात. मोटारी, बुलेट, लँब्रेटा असतातच, पण हल्ली जुन्या पिकअपही दिसायला लागल्यात याचा मला मनापासून आनंद आहे. या गाड्यांनी इथे बर्फ वाहिला, मासळी वाहिली, आंब्याच्या पेट्या वाहिल्या आणि त्यातल्या बहुतेक भंगारात गेल्या. एखादी वाचते, तिच्यावर कुणीतरी आपली कमाई आणि सुट्टीचे दिवस घालतो, आणि मग प्रदर्शनाच्या एका दिवसात तिची पार नासाडी करून घेतो. चुका दरवर्षी त्याच. माझी स्वतःची १९५१ ची शेवरले ३१०० आहे, आणि माझ्या शेडमध्ये दुसऱ्यांच्या गाड्याही दुरुस्तीला येतात. त्यामुळे प्रदर्शनानंतर काय निस्तरावं लागतं ते मी रोज बघतो.

पुळणीवरचा (किनाऱ्याच्या रेतीवरचा) फोटो

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. काही वर्षांपूर्वी दापोलीकडच्या एका मेळाव्याला चिपळूणचा एक तरुण फार्गो पिकअप घेऊन आला होता. पत्र्याचं काम इतकं साफ की फाळक्यावरून, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेवरून, हात फिरवला तरी पुटीचा उंचवटा लागत नव्हता. संध्याकाळी फोटो काढणाऱ्या मित्रांनी आग्रह धरला, मावळतीला गाडी पाण्याच्या कडेला उभी करायची. मी म्हटलं, “अरे, आज तेरस आहे, पाणी चढतंय.” “काका, पाच मिनिटांचं काम आहे,” म्हणून तो गेला.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे निघते, हे किनाऱ्यावरच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे ओहोटी साडेतीनच्या सुमारास होऊन गेली, आणि सहा वाजता पाणी जोरात वर येत होतं. त्यात पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन नसतंच. त्याने ॲक्सिलरेटर दाबला तशी चाकं जागच्या जागी फिरली आणि मागच्या एक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा रेतीला टेकला. कोळीवाड्यातून ट्रॅक्टर आणला. दोर चेसिसला बांधायचा तर रेतीत आडवं पडून गाडीखाली जावं लागतं, तेवढा धीर कुणाला नव्हता, म्हणून बांधला मागच्या बंपरला. नवा क्रोम केलेला बंपर वाकून ब्रॅकेटसकट हातात आला. दुसऱ्या खेपेला दोर नीट बांधला आणि गाडी निघाली, पण तोवर पाणी हबपर्यंत आलं होतं.

खरं नुकसान त्यानंतर झालं. गाडी वरून पुसून चकचकीत केली, घरी नेली आणि खालून धुतली ती पुढच्या रविवारी. तोवर मागचे दोन्ही ब्रेकड्रम जाम झाले होते. व्हील सिलिंडरमधले पिस्टन जागेवर धरले, हँडब्रेकची केबल आतून गंजली. शिमग्यापर्यंत दाराखालच्या पत्र्याला फोड आले. मग तो माझ्याकडे आला आणि आम्ही मागचा सगळा भाग पुन्हा उतरवला.

पुळणीवर गाडी नेऊ नका. फोटोला जेटी आहे, बंदर रोड आहे, सुरूच्या बनाकडेचा डांबरी रस्ता आहे. शिवाय बऱ्याच किनाऱ्यांवर वाहनं न्यायला बंदी आहे, आणि ती असावीच. नोव्हेंबर ते मार्च हा आपला प्रदर्शनांचा हंगाम, तोच ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा. वेळास, आंजर्ल्याची माणसं एकेक घरटं जपतात, त्यावरून कुणी फोटोसाठी चाकं फिरवावीत हे मला सहन होत नाही.

समुद्राकडेच्या रस्त्याने नुसते जाऊन आलात तरी त्याच संध्याकाळी गाडी खालून धुवा. स्प्रिंगच्या पाट्यांच्या फटीत, चेसिसच्या आतल्या बाजूला, मडगार्डच्या दुमडीत गोडं पाणी खेळतं राहू दे. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते नको. प्रेशर वॉशरची धार हबच्या सीलवर मारायची नाही. धुऊन झालं की गाडी थोडी चालवून, ब्रेक हलके दाबत ड्रम सुकवायचे. मग किंगपिन (पुढची चाकं ज्यावर वळतात ती खुंटी) आणि स्प्रिंगच्या शॅकलच्या निपलना ग्रीसगन लावायची, जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत. मी हे रात्री कितीही उशीर झाला तरी करतो.

रंगाखाली दबलेलं अर्थिंग

नव्याने तयार केलेली गाडी मैदानात सुरू होत नाही, आणि मालक म्हणतो, “परवापर्यंत ठीक होती हो.” यातल्या निम्म्याहून जास्त गाड्यांचं दुखणं अर्थिंगचं, म्हणजे करंट गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीचं, असतं असा माझा अनुभव आहे.

कुडाळला एका प्रदर्शनात अशीच एक पिकअप होती. स्टार्टर कण्हत होता, हेडलाइट पणतीसारखे पिवळे. मालकाने आधी बॅटरी बदलली, मग दुसरी आणली, मग डायनामोची तार नव्याने भरून घेतली. शेवटी एका गॅरेजवाल्याने सल्ला दिला की हे ६ व्होल्टचं लफडंच नको, सगळी गाडी १२ व्होल्टवर घ्या. मी मल्टिमीटर काढला. एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर धरलं आणि त्याला स्टार्टर मारायला सांगितलं. काटा दीड व्होल्टच्या वर गेला. म्हणजे सहातला पाव हिस्सा त्या एका सांध्यातच जळत होता. अर्थिंगची पट्टी सोडवली तर तिच्याखाली प्रायमर आणि वर रंगाचे दोन थर! पेंटरने चेसिस सुंदर रंगवली होती, आणि त्या रंगावरच बोल्ट आवळला होता. रंग खरवडून पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला. गाडी अर्ध्या फेरीत सुरू झाली.

यातलं कारण समजून घ्या म्हणजे दुसऱ्याच्या सल्ल्यावर पैसे जाणार नाहीत. तेवढंच काम करायला ६ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टच्या दुप्पट करंट वाहावा लागतो. म्हणून तिच्या केबली जाड असतात. आजच्या गाडीची बारीक केबल तिला लावलीत तर ती गरम होते आणि स्टार्टर उपाशी राहतो. सांध्यात एक व्होल्ट गेला तर १२ मधून गेलेला जाणवत नाही, ६ मधून गेलेला लगेच जाणवतो. आणि आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत तांब्यावर हिरवट थर चढायला एक पावसाळा पुरतो.

माझी सवय सांगतो. बॅटरी ते इंजिन, इंजिन ते चेसिस, चेसिस ते केबिन अशा तीन वेगळ्या पट्ट्या. केबिन रबरावर बसलेली असते, त्यामुळे तिसरी पट्टी नसली की मीटर आणि दिवे मनाला येईल तसे वागतात. प्रत्येक सांधा उघड्या पत्र्यावर, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. स्टार्टर मारताना त्या दोन टोकांमध्ये ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मी गाडी घराबाहेर काढत नाही.

मैदानात कुणी बोलेरोची १२ व्होल्टची बॅटरी जोडून “चल मार” म्हणाला तर नको म्हणा. बल्ब जातात, मीटर जळतात. धक्का मारून सुरू करा, मैदानात माणसांना काय तोटा!

पेट्रोल, ब्रेक आणि बाकीची घाई

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते पाणी शोषतं, जुनी रबरी नळी आणि डायफ्राम मऊ करतं, आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा कचरा सोडवून कार्बोरेटरकडे पाठवतं. टाकी आतून साफ करून घ्या, नळ्या आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणारे बसवा, आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. मिरवणुकीत ढोल-ताशाच्या मागे पहिल्या गिअरवर रांगताना पेट्रोल नळीतच उकळून गाडी बंद पडते. अशा वेळी पंपावर ओलं फडकं टाकून धीर धरायचा. चोक ओढून ओढून इंजिन पेट्रोलने भरायचं नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि चार महिने पावसात राहिलेलं ऑइल घाट उतरताना उकळलं की पेडल थेट फळीला टेकतं. या गाड्यांना ब्रेकचा सर्किट एकच असतो, दुसरा सांभाळायला नाही. मी दरवर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की ब्रेक ऑइल बदलतो, म्हणजे विसर पडत नाही. घाट ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. आंबा असो, फोंडा असो, करूळ असो.

टायरची नक्षी बघू नका, कडेवरचा चार आकडी शिक्का बघा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कोरी असलेले म्हातारे टायर उन्हात फुटतात.

प्लॅस्टिकचं कव्हर पावसाळ्यात घालू नका. आत घाम धरतो आणि गाडी वरून कोरडी, आतून गंजते. शेडमध्ये सुती चादर, दारं किंचित उघडी, खालून वारा.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री कार्बोरेटर खोलणाऱ्यांना मी काही सांगत नाही.

महामार्गाबद्दल मात्र बोललंच पाहिजे. मुंबई-गोवा रस्ता चौपदरी होत गेला तशी जुन्या गाड्या ऐंशी-नव्वदने हाणायची हौस वाढली. माझ्या गाडीत २१६ घन इंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे. त्यात कनेक्टिंग रॉडला व्हाइट मेटलचे, म्हणजे मऊ मिश्रधातू ओतून केलेले, बेअरिंग, आणि त्यांना ऑइल मिळतं ते मुख्यतः पात्रातून उडवून. इंजिन जोरात फिरत असतानाही ऑइलचा दाब चौरस इंचाला १४ पौंडांच्या आसपासच. वर एक्सलचं गिअर-प्रमाण ओझं ओढण्याचं, वेगाचं नाही. अशी गाडी तासभर ताणलीत तर बेअरिंग वितळतं, आणि व्हाइट मेटल ओतून बोअर करणारा कारागीर आता शोधावा लागतो. मी साठच्या आत चालतो, मागून हॉर्न वाजले की कडेला घेऊन जाऊ देतो. ज्याला वेळेत पोचायचंय त्याने पहाटे निघावं, आणि परतताना ६ व्होल्टच्या दिव्यांवर घाट उतरायची वेळ येणार नाही अशा बेताने मैदान सोडावं. बक्षीस समारंभ लांबला तरी.

कागद

“एक दिवसाचं तर काम आहे” म्हणून बिनकागदाची गाडी रस्त्यावर आणू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी यात बसते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, देखभालीला नेता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला नाही. पिकअपवाल्यांनी एक गोष्ट आधीच बघावी: ही सोय खाजगी वापराच्या गाड्यांसाठी आहे, आणि आपल्या कित्येक गाड्यांच्या नोंदणीच्या जुन्या पुस्तकात मालवाहू अशी नोंद असते. रंगकामाला पैसे घालण्यापूर्वी आरटीओत जाऊन हे मिटवा. आणि ‘मूळ स्वरूप’ हे शब्द लक्षात ठेवून डिझेल इंजिन बसवायचा मोह सोडा. बोलेरोचं इंजिन घातलेली पिकअप सोयीची असेल, पण ती घेऊन माझ्याकडे मत विचारायला येऊ नका.

हौदा आणि पाटी

हौद्याच्या, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या जागेच्या, फळ्या वरून व्हार्निश करतात, खालून कोऱ्या सोडतात. चाकांनी उडवलेलं पाणी खालूनच लागतं. साग घ्या, सहाही बाजूंनी तेल पाजा, फळ्यांमध्ये फट ठेवा, पावसात लाकूड फुगतं. पोरं हौद्यात चढणारच, म्हणून मागे एक लाकडी पायरी ठेवा आणि फाळक्याच्या साखळ्या घट्ट आहेत का बघा.

गाडीपुढे माहितीची पाटी लावाल तिच्यावर ‘थेट अमेरिकेहून’ लिहू नका. शेवरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना मुंबईत शिवडीला होता, १९२८ ते १९५४. आपली गाडी तिथे जुळलेली असेल तर तेच ठळक लिहा, त्यात जास्त मान आहे.

आणि गाडीभोवती दोरी बांधून लोकांना लांब ठेवू नका. ज्यांनी या गाड्या पोटासाठी चालवल्या ती माणसं प्रदर्शनाला येतात, लांबून बघतात आणि संकोचाने निघून जातात. त्यांना हाक मारा, बसायला स्टूल द्या, बॉनेट उघडा. माझ्या गाडीचे टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सारखे वाजायचे, दोन मेकॅनिकांनी हात टेकले होते. कुडाळला एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने नुसता कान दिला आणि म्हणाला, “इंजन गरम आसतानाच टॅपेट लाव, झिला. थंडपणी लावलंस तर वाजतलेच.” घरी येऊन इंजिन चांगलं तापवलं, चालू ठेवूनच फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) टॅपेट लावले. आवाज बंद झाला, आणि तेव्हापासून दर हंगामाच्या सुरुवातीला मी ते तसेच लावतो.